मिरज-औंध परिसरातील संगीतव्यवसाय

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिंदुस्थानी संगीताच्या गायन-वादनावर व अध्यापनावर उपजीविका करणाऱ्या कलावंतांची एक सलग परंपरा निर्माण झाली. मिरज आणि औंध ही तिची दोन प्रमुख केंद्रे होत. या परंपरेचे वैशिष्ट्य असे, की तीत मैफल व तालीम हे दोन वेगळे व्यवसाय मानले गेले नाहीत. एकच कलावंत सकाळी शिष्यांना शिकवीत असे आणि रात्री आश्रयदात्यासमोर वा श्रोत्यांसमोर गात किंवा वाजवीत असे. त्याचे पोट कधी एकावर, कधी दुसऱ्यावर चाले. या दोहोंचा मेळ घालताना त्याला काय मिळाले आणि काय गमवावे लागले, हा या परंपरेच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

हा प्रदेश पूर्वी अनेक लहान संस्थानांत विभागलेला होता. सांगली, मिरज व कुरुंदवाड ही पटवर्धन घराण्याची, औंध हे पंतप्रतिनिधींचे, तर इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. मार्च १९४८ मध्ये दख्खनमधील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व काही संस्थानी मुलूख मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. परंतु त्या संस्थानचा आटपाडीकडील भाग सांगली जिल्ह्यात गेला. म्हणून संगीताच्या दृष्टीने हे दोन जिल्हे वेगळे काढणे योग्य होत नाही. मोठ्या दरबाराला लागणारा पैसा या संस्थानांजवळ नव्हता. तथापि ती एकमेकांपासून दोन-तीन मजलांवर होती. एका संस्थानात वार्षिक नेमणूक असलेला गवई दुसऱ्या संस्थानात उत्सवाला बोलावला जाई आणि तिसऱ्यात त्याचे शिष्य असत. पुढे रेल्वे आली आणि मुंबई-पुण्याकडून कर्नाटकात जाणाऱ्या कलावंतांना मिरज हे उतरण्याचे ठिकाण झाले. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले मिशनचे रुग्णालय व कोरडी हवा यांमुळे आजारी माणसे मिरजेस येऊन राहत. त्यांत गवईही असत, ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही.

या परंपरेचे मूळ पुरुष म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). ते इचलकरंजीजवळच्या चंदूर गावचे. वडील रामचंद्रबुवा हे गायक होते. परंतु ख्यालगायनाची विद्या त्या काळी दक्षिण महाराष्ट्रात सहज मिळण्यासारखी नव्हती. ती ग्वाल्हेर आणि त्याच्या आसपासच्या दरबारांत होती व ती मिळविण्यासाठी मुलाला घर सोडावे लागे. बाळकृष्णबुवांनी कोल्हापुरात भाऊराव कागवाडकरांकडे आरंभ केला. नंतर धार येथे देवजीबुवा परांजपे यांच्या घरी राहून ते शिकले. त्या घरी राहणे अशक्य झाल्याने त्यांना बाहेर पडावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. अखेर ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी यांनी त्यांना जवळ केले. वासुदेवबुवांना हस्सूखाँ-हद्दूखाँ यांच्या परंपरेची प्रत्यक्ष तालीम होती. गुरूच्या घरी पाणी भरणे, स्वयंपाकास मदत करणे, गुरूबरोबर प्रवास करणे आणि गुरूच्या मर्जीने जेवढे मिळेल तेवढे शिकणे, अशी ही शिक्षणाची रीत होती. विद्येचे मोल पैशाने ठरत नव्हते. ते आयुष्याच्या वर्षांनी चुकवावे लागे.

महाराष्ट्रात परतल्यावर बुवा प्रथम मुंबईस राहिले. तेथे त्यांनी गायनसमाज काढला व संगीतदर्पण हे मासिकही चालविले. दम्याच्या विकारामुळे मुंबईची हवा त्यांना मानवली नाही. त्यांनी मिरजेस मुक्काम हलविला आणि पुढे इचलकरंजीच्या जहागीरदारांचे गवई म्हणून ते त्या गावी स्थायिक झाले. ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, ते त्यांच्या मैफलींपेक्षा त्यांच्या तालमीमुळे. विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी, गुंडूबुवा इंगळे, यशवंत सदाशिव मिराशी, नीळकंठबुवा जंगम, वामनबुवा चाफेकर, गणपतीबुवा भिलवडीकर असे अनेक शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांचे पुत्र अण्णाबुवा हेही गायक होते. परंतु ते अकाली वारले. त्यामुळे बुवांची विद्या वंशाऐवजी शिष्यशाखांतून पुढे गेली. ज्या काळी घराण्याची चीज बाहेरच्यास सांगणे हे वडिलोपार्जित जमीन विकण्यासारखे समजले जाई, त्या काळी ही गोष्ट असाधारण होती.

केवळ मैफलीवर जगलेल्या कलावंताची अवस्था काय होई, याचे उदाहरण याच परिसरात सापडते. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गायक होते. परंतु व्यवहारात त्यांचे चित्त नव्हते. काशीस ते हलाखीच्या स्थितीत आढळले, तेव्हा त्यांना सांभाळले ते विष्णुपंत छत्रे यांनी. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत हे भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक. ते स्वतः हद्दूखाँकडे गाणे शिकले होते. गुरुपुत्राला त्यांनी सर्कशीबरोबर ठिकठिकाणी नेले. भारतातील एका श्रेष्ठ ख्यालगायकाची गाणी सर्कशीच्या मुक्कामी लोकांनी ऐकली, हे आज नवलाचे वाटेल. रहिमतखाँ १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे वारले. त्यांच्या गायनाचा प्रभाव अनेकांवर पडला. परंतु ज्याला बाळकृष्णबुवांप्रमाणे शिष्यशाखा म्हणता येईल, असे त्यांच्यामागे काही उरले नाही.

व्यावसायिक संगीतकाराच्या जीवनाला खरे वळण दिले ते विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी. हे घराणे मूळ सांगली जिल्ह्यातील पलूस गावचे. विष्णु दिगंबरांचा जन्म कुरुंदवाडचा व वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने डोळ्यांना इजा झाली. उपचारांसाठी त्यांना मिरजेस आणले असता तेथील डॉ. भडभडे यांनी मुलाला गाणे शिकविण्याचा सल्ला दिला. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवांकडे शिकू लागले आणि १८९६ पर्यंत मिरजेत राहिले. एका प्रतिष्ठित समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले. परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते केवळ गवई, अशी आख्यायिका त्यांच्या मिरज सोडण्यासंबंधी सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातले शल्य खरे आहे. संस्थानात गवयाला वेतन होते, घर होते, पोशाखही होता. नव्हती ती पंक्तीतली जागा.

मिरजेहून निघाल्यावर विष्णु दिगंबर बडोदे व काठेवाडात गेले. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून सार्वजनिक जलसा केला. शास्त्रोक्त संगीताच्या तिकीट लावलेल्या जलशांच्या आद्य उदाहरणांत त्याची गणना होते. आश्रयदात्याच्या जागी श्रोता आला आणि बिदागीच्या जागी तिकिटाचा दर आला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. या विद्यालयामागे राजाश्रय नव्हता. ते वर्गणी, फी व जलशांचे उत्पन्न यांवर चाले. येथे अध्यापनाचे स्वरूपही पालटले. चिजांची स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, ठराविक वेळ, परीक्षा आणि फी या गोष्टी आल्या. उपदेशकवर्ग हा त्यांच्या योजनेचा गाभा होय. या वर्गातील मुलांचे शिक्षण, जेवण व राहणे विद्यालयाकडे असे आणि त्यांनी पुढे संगीतशिक्षक व्हावे असा करार असे. गुरुगृहातील सेवा येथे करारात बदलली. विद्यालयाने वाद्यांचा कारखाना व छापखानाही चालविला.

१९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली व पुढे विद्यालयाचे मुख्य कार्य तेथूनच चालले. इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र फिटले नाही. विष्णु दिगंबर जलसे करून रक्कम उभी करीत. परंतु ते दौऱ्यावर असले, की विद्यालयाचे लक्ष सुटे आणि विद्यालयात राहिले, की उत्पन्न थांबे. १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. उत्तरायुष्यात ते नाशिक येथे रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा अंत झाला. त्यांनी संगीताचा प्रसार केला, पण मोठे गवई थोडे घडविले, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला जात असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावे पाहता हा आक्षेप टिकत नाही. मात्र त्यांच्या स्वतःच्या गायनाला विद्यालयाच्या जबाबदारीची किंमत द्यावी लागली, हे नाकारता येणार नाही.

या शिष्यांपैकी दोघे मिरजेचेच. विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) यांना मिरज संस्थानची शिष्यवृत्ती मिळून ते बालवयात लाहोरला गेले. पुढे दहा वर्षे ते गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून होते आणि १९३२ मध्ये त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. रागविज्ञान ही त्यांची ग्रंथमाला अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वापरली. प्रा. बा. र. देवधर (१९०१–९०) यांनी मुंबईत १९२५ मध्ये आपले विद्यालय सुरू केले. कुमार गंधर्व हे त्यांचेच शिष्य. निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांना विद्यालयात बोलावून विद्यार्थ्यांना ऐकविणे, ही देवधरांची पद्धत एका गुरूच्या निष्ठेच्या जुन्या कल्पनेहून फार वेगळी होती.

याच काळात मिरजेस किराना घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) येऊन राहिले. मूळचे उत्तरेकडील कैरान्याचे असलेले खाँसाहेब बडोद्याहून दक्षिणेकडे आले होते. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा जडली. त्यांनीही विद्यालय काढून पाहिले. पुण्यातील त्यांचे आर्य संगीत विद्यालय १९१३ चे. शिष्यांना घरी ठेवून शिकवावे आणि जलशांत त्यांना बरोबर बसवावे, अशी त्यांची पद्धत होती. विद्यालय काही वर्षांनी बंद पडले व खाँसाहेब मिरजेस स्थिरावले. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, रोशनआरा बेगम हे त्यांच्या तालमीत वा प्रभावाखाली घडलेले कलावंत. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–८९) यांचा जन्म मिरजेचा. कुलीन मानल्या गेलेल्या श्रोतृवर्गासमोर तिकीट लावून ख्याल गाणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना वाटेतच वारले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात असून तेथे उरुसाच्या वेळी गायन-वादनाची हजेरी देण्याची प्रथा चालत आली आहे.

अब्दुल करीमखाँ हे बीनही वाजवीत आणि वाद्यांची दुरुस्ती व जुळवणी यांत निष्णात होते. त्यांच्या या गुणाचा उपयोग एका वेगळ्याच कामात झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित तारेच्या लांबीवरून मांडण्याचा प्रयत्न केला. १९१० मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना त्यात रस वाटला व त्या दोघांच्या पुढाकाराने १९११ च्या सुमारास साताऱ्यात पश्चिम भारताची फिलहार्मानिक सोसायटी निघाली. देवल मोजमाप करीत आणि खाँसाहेब स्वर लावून दाखवीत. या संशोधनातून श्रुति-हार्मोनियम तयार करण्यात आला. बडोदे येथे १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यावर वाद झाला आणि गवयांनी तो स्वीकारला नाही. गणिताने काढलेला स्वर व गायकाच्या गळ्यातील स्वर यांतील अंतर हा आजही संपलेला वाद नाही. परंतु धंदेवाईक गवयाला विद्वानांच्या बैठकीत पुरावा म्हणून बोलावले जावे, हे त्या काळात नवे होते. त्याच्या नावावर ग्रंथ मात्र निघाला नाही.

या सर्व कलावंतांचा व्यवसाय ज्यावर उभा होता, त्या तंतुवाद्यांची निर्मिती मिरजेतच होत असे. सु. १८५० च्या सुमारास शस्त्रांना धार लावणाऱ्या व शस्त्रे बनविणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तंबोरा व सतार दुरुस्त करण्यास आरंभ केला, असे परंपरेने मानले जाते. शस्त्रांची मागणी घटत असता या कारागिरांनी तोच हात वाद्यांकडे वळविला आणि पुढे सितारमेकर हेच त्यांचे आडनाव झाले. पंढरपूर व मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या शेतांत जाड सालीचे मोठे भोपळे पिकतात. तेच तंबोऱ्याला लागतात. भोपळा दीर्घकाळ वाळवून नंतर भिजवितात, कापतात व आतून कोरून त्याला आकार देतात. तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी व तबली त्यावर बसवितात. घोडीवर तार ज्या पृष्ठावर टेकते तो किंचित घासून जवारी काढणे, हे सर्वांत अवघड काम होय. जवारी लागली, की तार नुसती वाजत नाही, तर तिच्यातून वरचे स्वर उमटू लागतात. हे काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. त्यामुळे गवई व कारागीर यांना एका गावात राहणे सोयीचे पडे. गायक आपल्या आवाजाच्या पट्टीस जुळेल असा तंबोरा समोर बसून करवून घेई. पुरुषांच्या व स्त्रियांच्या आवाजांसाठी तंबोऱ्याची मापे वेगळी ठरली, तीही अशाच व्यवहारातून. स्वरमंडळ हे झिदरच्या जातीचे, केवळ मोकळ्या तारांचे वाद्यही येथे तयार होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत्-तंबोरा आल्यावर या धंद्याला ओहोटी लागली. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेतील परंपरेची एक शाखा औंधास गेली ती अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा (१८८१–१९६७) यांच्यामुळे. त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील किन्हई येथे झाला. वडिलांकडे व नंतर बाळकृष्णबुवांकडे शिकून त्यांनी १९०७ मध्ये मुंबईत गिरगावात गुरुसमर्थ गायन-वादन विद्यालय काढले. विष्णु दिगंबरांच्या विद्यालयासारखा त्याचा व्याप नव्हता. ते एका गवयाचे, घराला लागून असलेले विद्यालय होते. पुढे ते औंधचे दरबारगायक झाले. औंध हे जेमतेम बहात्तर गावांचे संस्थान. परंतु त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. औंधच्या टेकडीवरील संग्रहालय ही त्यांची कामगिरी प्रसिद्धच आहे. १९३९ मध्ये त्यांनी संस्थानची सत्ता प्रजेकडे सोपविणारी राज्यघटना लागू केली. अशा संस्थानात गवयाची नेमणूक ही शोभेची बाब नव्हती. तथापि तीत पैसाही फारसा नव्हता. अंतूबुवांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते दरबार संपून सात वर्षे झाली होती.

अंतूबुवांचे पुत्र गजाननराव जोशी (१९११–८७) यांच्या जीवनात या परिसरातील संगीतव्यवसायाची सर्व रूपे एकत्र आढळतात. मुंबईत गिरगावात ३० जानेवारी १९११ रोजी जन्मलेल्या गजाननरावांना पहिली तालीम वडिलांकडून मिळाली. त्यांनी तबल्याचेही शिक्षण घेतले. व्हायोलिन मात्र त्यांनी मुख्यतः स्वतःच्या कष्टाने व श्रवणाने साध्य केले. कर्नाटक संगीतात बालुस्वामी दीक्षितार यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, हे वाद्य रुळले होते. उत्तरेकडे सारंगी असल्याने त्याची गरज भासली नाही व विसाव्या शतकातच ते मैफलीत आले. हिंदुस्थानी पद्धतीने हे वाद्य वाजविण्यास गुरू मिळणे कठीण होते. त्यावर पडदे नसल्याने मींड सहज निघते आणि गजाच्या लांबीमुळे गायकाच्या श्वासाप्रमाणे स्वर ताणता येतो. परंतु त्याच कारणाने बोट रेसभर सरकले, तरी स्वर बेसूर होतो. ज्याच्या कानात गाणे पक्के आहे, त्यालाच हे वाद्य जमते. गजाननरावांनी व्हायोलिनला ख्यालाची चाल दिली: आलाप, बोलअंग, ताना आणि लयीशी चाललेला खेळ, सर्व गळ्याच्या धर्तीने. लयकारीवरील त्यांचा अधिकार तबल्याच्या शिक्षणातून आला होता. एकल व्हायोलिनवादक म्हणून त्यांचे नाव झाले ते या गायकी अंगामुळे.

वडिलांकडून मिळालेल्या ग्वाल्हेर घराण्याच्या विद्येवर ते थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ (१८९५–१९६२) यांच्याकडे व जयपूर-अत्रौली घराण्याचे भूर्जीखाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. नाव झालेल्या कलावंताने पुन्हा शिष्य म्हणून बसणे सोपे नसते. त्यात दुसऱ्या घराण्याची विद्या घेणे म्हणजे आपल्या घराण्यात उणीव आहे, असे कबूल करण्यासारखे समजले जाई. गजाननरावांनी ही अडचण मानली नाही. तिन्ही घराण्यांची गायकी ते एकमेकींत न मिसळता, स्वतंत्रपणे मांडू शकत, असे जाणकार सांगतात. अध्यापनाच्या दृष्टीने याचा परिणाम फार दूरवर गेला.

औंधचे दरबारी कलावंत म्हणून गजाननरावांनी काम केले. संस्थान विलीन झाल्यावर इतर अनेकांप्रमाणे त्यांनाही जीवनाची घडी नव्याने बसवावी लागली. या काळात आकाशवाणी हा संगीतकारांचा नवा आश्रयदाता झाला. रेडिओने कलावंतास दरमहा वेतन दिले, गावोगावच्या श्रोत्यापर्यंत पोहोचविले आणि त्याला घड्याळाशीही बांधले. रात्रभराच्या मैफलीत पसरणारा राग ठराविक मिनिटांत बसविण्याची कला त्या पिढीला शिकावी लागली. गजाननराव आकाशवाणीच्या सेवेत काही वर्षे होते. पुढे मात्र त्यांचे जीवन अधिकाधिक अध्यापनाकडे वळले. व्हायोलिनवादक म्हणून देशभर नाव झालेला हा कलावंत उत्तरायुष्यात गायनाचा गुरू म्हणून ओळखला गेला. व्हायोलिनमध्ये श्रीधर पार्सेकर आणि पुत्र मधुकर जोशी हे त्यांचे शिष्य. तर गायनात पद्मा तळवलकर, शुभदा पराडकर तसेच उल्हास, विकास व अरुण कशाळकर हे बंधू त्यांच्याकडे शिकले. उल्हास कशाळकर यांच्या गायनात ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकी आढळतात. त्यामागे गुरूने तीन दारांशी जाऊन मिळविलेली विद्या आहे. १९७२ मध्ये गजाननरावांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २८ जून १९८७ रोजी डोंबिवली येथे त्यांचे निधन झाले.

गजाननरावांच्या आयुष्याकडे पाहता वादक ते शिक्षक हा प्रवास पीछेहाट समजण्याचे कारण नाही. मैफलीचा कलावंत वयाबरोबर मागे पडतो. बोटे मंदावतात, श्वास कमी होतो आणि श्रोत्यांची आवडही पालटते. संस्थान असते, तर वृद्ध गवयाला घरबसल्या नेमणूक मिळाली असती. संस्थान गेल्यावर त्याचे निवृत्तिवेतन म्हणजे त्याचे शिष्यच. तरीही एक हानी झालीच. त्यांच्या गायनाचे वारस अनेक आहेत. परंतु त्यांच्या व्हायोलिनचा वारसा त्या मानाने अरुंद राहिला. पार्सेकर १९६४ मध्ये, ऐन उमेदीत वारले. गुरूच्या घरी गाणे शिकायला मुले येत तशी हे वाद्य शिकायला येत नसत. ते अवघड होते आणि त्यावर पोट भरेलच याची शाश्वती नव्हती.

विद्यालयांच्या परंपरेचे पुढे एका मोठ्या परीक्षासंस्थेत रूपांतर झाले. विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या परीक्षांचा कारभार पुढे मिरजेतून चालू लागला. प्रवेशिकेपासून अलंकारापर्यंतच्या या परीक्षांनी लहान गावांतील संगीतशिक्षकाला निश्चित उत्पन्न दिले: ठराविक अभ्यासक्रम, ठराविक फी आणि दर सत्रास नवे विद्यार्थी. या शिक्षकांपैकी बहुतेकांची नावे कोठे नोंदली गेलेली नाहीत. त्यांच्या मैफली थोड्या झाल्या. परंतु सातारा, कराड, सांगली, इस्लामपूर यांसारख्या गावांत राग ओळखणारा श्रोता तयार झाला, तो त्यांच्या पेटीसमोर बसून. सांगलीस १९६३ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर यांपैकी काहींना ध्वनिक्षेपणाची संधीही मिळाली.

औंधास मात्र जुन्या पद्धतीची एक गोष्ट टिकली. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९४० मध्ये तेथे संगीतोत्सव सुरू केला. आश्विन वद्य पंचमीस होणाऱ्या या उत्सवात तिकीट नसते. उत्सव चालू राहावा म्हणून गजाननरावांनी १९८१ मध्ये शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन केले. नामवंत कलावंत आणि नुकतीच तालीम सुरू झालेले शिष्य तेथे एकाच बैठकीत, एकाच श्रोतृवर्गासमोर हजेरी लावतात. संस्थान विलीन झाल्यावरही औंधास हा उत्सव दरवर्षी भरत आला आहे.